बुकरात ते बीड : गर्भारपणाच्या गैरसमजांचा प्रवास

२०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. महाराष्ट्रातला हा सर्वांत कमी आकडा. त्याआधीच्या, म्हणजे २००१च्या जनगणनेत तो ८९४ होता. दहा वर्षांत हजारामागे ८७ मुली कमी झाल्या. या आकड्यावर तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. सोनोग्राफी सेंटरवर छापे पडले, डॉक्टरांवर खटले झाले, ‘बेटी बचाओ’च्या फेऱ्या निघाल्या. पण या सगळ्याच्या मुळाशी गर्भारपणाविषयीच्या ज्या समजुती आहेत, त्यांचा इतिहास फारसा कुणी सांगत नाही. या समजुती अडाणी बायाबापड्यांनी घरात बसून रचल्या, असं आपण धरून चालतो. खरं तर त्यातल्या बऱ्याच एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांच्या ग्रंथांत होत्या. तिथून त्या हकीम-वैद्यांकडे आल्या, त्यांच्याकडून दाईकडे आणि दाईकडून आपल्या माजघरात.

मी बीडचा. आमच्याकडे पोटुशी बाई दिसली की पाहणाऱ्याची नजर आधी तिच्या पोटाच्या आकाराकडे जाते. पोट उजवीकडे झुकलं तर मुलगा, डावीकडे असेल तर मुलगी. उठताना उजवा हात टेकला तर मुलगा. आंबट खावंसं वाटलं तर एक अर्थ, गोड खावंसं वाटलं तर दुसरा. मुसलमानांच्या घरी सतवासा असो की शेजारच्या घरी डोहाळजेवण, हा अंदाज बांधण्याचा खेळ दोन्हीकडे सारखाच चालतो. त्यामुळे ही समजूत हिंदूंची की मुसलमानांची, हा प्रश्नच गैरलागू आहे.

उजव्या-डाव्याचा हा हिशेब किमान अडीच हजार वर्षं जुना आहे. युनानी हकीम ज्याला बुकरात म्हणतात, त्या हिपोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत मुलाचा गर्भ उजवीकडे आणि मुलीचा डावीकडे असतो, असं सांगितलेलं आहे. आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या जुन्या संहितांतही उजव्या बाजूची लक्षणं मुलाची आणि डाव्या बाजूची मुलीची मानली आहेत. उजवं ते शुभ, बलवान आणि पुरुषाचं. डावं ते कमजोर आणि बाईचं, हा त्यामागचा विचार. म्हणजे बाईला कमी लेखण्याची रीत आधीपासून होती, वैद्यकाने तिला नंतर शरीरात जागा शोधून दिली.

विशेष म्हणजे ही समजूत त्या काळीच खोडली गेली होती. अरस्तू, म्हणजे ॲरिस्टॉटल, याने प्राण्यांची शरीरं फाडून पाहिली आणि नर-मादी दोन्ही गर्भ दोन्ही बाजूंना सापडतात, असं नोंदवलं. पुरावा इतका सरळ होता. तरीही समजूत टिकली, कारण लोकांना पुराव्यापेक्षा उत्तर हवं होतं, आणि तेही ठरावीकच.

इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरं झाली. त्याच सुमारास भारतीय वैद्यकही तिथे पोहोचलं होतं. अली इब्न रब्बान अत्-तबरी याने ८५०च्या सुमारास ‘फिरदौस अल-हिकमा’ हा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रीक विद्येसोबत चरक आणि सुश्रुत यांच्या आधारे लिहिलेला भारतीय वैद्यकाचा भागही आहे. पुढे ही विद्या दख्खनेत उतरली. इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेला मुहंमद कासिम फरिश्ता लहानपणी अहमदनगरच्या निजामशाहीत वाढला आणि नंतर विजापूरला गेला. त्याने ‘दस्तूर अल-अतिब्बा’ हा भारतीय वैद्यकावरचा फारसी ग्रंथ लिहिला. त्या काळी आपलं बीडही निजामशाहीच्याच मुलखात होतं. हकीम वैद्याचं पुस्तक वाचत होता, वैद्य हकिमाचे नुस्खे वापरत होता. या देवाणघेवाणीत खूप काही चांगलं आलं, आणि चुकीचंही आलं.

आठव्या महिन्याची गोष्ट याचं उत्तम उदाहरण आहे. ‘सातव्या महिन्यात जन्मलेलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे वाक्य मराठवाड्यात आजही ऐकू येतं. बुकरातच्या परंपरेत या विषयावर आख्खं लिखाण आहे. सात हा आकडा ग्रीकांना पवित्र वाटत होता. अरबी ज्योतिषाने त्याला ग्रहांची जोड दिली : सातवा महिना चंद्राचा आणि आठवा पुन्हा जुहलचा, म्हणजे शनीचा, म्हणून तो अशुभ. आयुर्वेदाने वेगळं कारण दिलं : आठव्या महिन्यात ओज आई आणि गर्भ यांच्यात ये-जा करत असतं, म्हणून त्या वेळची प्रसूती घातक. कारणं निरनिराळी, निष्कर्ष मात्र एकच. अरस्तूने तेव्हाच लिहून ठेवलं होतं की इजिप्तमध्ये आठव्या महिन्यातली मुलं जगतात. आज कुठल्याही नवजात शिशू कक्षातल्या नर्सला विचारा. बाळ जितके जास्त दिवस पोटात राहतं, तितकी त्याची जगण्याची शक्यता जास्त. आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा अधिक तयार असतं. पण ‘हे काही राहायचं नाही’ असं घरच्यांनी आधीच मनात धरलं, तर ते बाळाला घेऊन दवाखान्यात धावणार नाहीत. समजुतीने मारलेलं मूल मग समजूत खरी असल्याचा पुरावा ठरतं.

आता चिकाचं पाहू. गाय-म्हैस व्याली की पहिल्या दुधाचा खरवस आपण आवडीने खातो, शेजारी वाटतो. तेच घरातली बाई बाळंत झाली की तिचं पहिलं घट्ट, पिवळसर दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकायला लावतात, आणि बाळाच्या तोंडाला मध, साखरपाणी किंवा घुट्टी लावतात. ही समजूतसुद्धा ग्रंथांतून आलेली आहे. दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य सोरानस याने सुरुवातीचे बरेच दिवस आईचं दूध न देण्याचा सल्ला दिला होता. इब्न सीनानेही ‘अल-कानून’मध्ये बाळंतिणीचा मिजाज ताळ्यावर येईपर्यंत दुसऱ्या बाईने पाजलेलं बरं, असं म्हटलं. इब्न सीनाचा अधिकार एवढा मोठा की ही गोष्ट शतकानुशतकं चालत राहिली.

पण याच ठिकाणी आपल्या परंपरेत एक वेगळा आवाज आहे, आणि तो हकिमांचा नाही, फकीहांचा आहे. तेराव्या शतकातले दमास्कसचे इमाम नववी हे शाफई पंथाचे थोर विधिवेत्ते. त्यांच्या ‘मिन्हाज’ या ग्रंथात आईने बाळाला ‘लिबा’ पाजणं तिच्यावर बंधनकारक मानलं आहे. लिबा म्हणजे पहिलं दूध, आपल्या भाषेत चीक. त्याशिवाय बाळ सहसा तगत नाही, हे त्यामागचं कारण. कोकणातले मुसलमान बहुतांशी याच शाफई पंथाचे. आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. पंथ कुठलाही असो, पहिल्या दुधात बाळाला रोगांपासून वाचवणारे घटक असतात हे आजचं वैद्यक सांगतं, आणि या बाबतीत सातशे वर्षांपूर्वीचा फकीह त्याच्या काळच्या वैद्यकापेक्षा बरोबर होता. मधाबद्दल एक सांगायला हवं. तहनीक ही खजुराची सुन्नत आहे, तिचा आदर आहेच. पण एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. मधातल्या जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

ग्रहणाचंही असंच. ग्रहण लागलं की गर्भवतीने बाहेर पडायचं नाही, सुरी-कात्री हातात धरायची नाही, काही खायचं-प्यायचं नाही. नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. २६ डिसेंबर २०१९च्या सूर्यग्रहणाच्या वेळीही हे पथ्य घरोघरी पाळलं गेलं, आपल्या मोहल्ल्यांतसुद्धा. हजारो मैलांवरच्या मेक्सिकोत ॲझ्टेक लोकांचीही हीच भीती होती. सोळाव्या शतकात बर्नार्दिनो द सहागून या पाद्र्याने नोंद केली आहे की ग्रहणात बाळाचा ओठ कुरतडला जाऊ नये, म्हणून गर्भवती काळ्या ज्वालाकाचेचा तुकडा अंगावर बाळगत. चंद्र-सूर्याचा लचका तुटलेला दिसला की माणसाला बाळाचा तुटका ओठ आठवला असावा.

मुसलमानांकडे मात्र या बाबतीत सबब नाही. पैगंबर मुहंमद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं. लोक म्हणू लागले की इब्राहिमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पुत्रशोकात असलेल्या बापाला ही समजूत सुखावणारी होती. गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण त्यांनी लोकांना सांगितलं की सूर्य आणि चंद्र कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने ग्रासले जात नाहीत. त्या अल्लाहच्या निशाण्या आहेत, ग्रहण दिसलं तर नमाज पढा. बुखारीच्या संग्रहात ही हदीस आहे. जिथे खुद्द पैगंबरांच्या मुलाशी ग्रहणाचा संबंध नाही, तिथे आपल्या सुनेच्या पोटातल्या बाळाशी तो कसा असेल? दिवसभर उपाशी ठेवलेल्या गर्भवतीला चक्कर येते, हा मात्र ग्रहणाचा खरोखरचा परिणाम.

गोऱ्या बाळासाठी केशर-दूध पाजण्याच्या प्रथेलाही एक हदीस आठवते. एक बेदुईन तक्रार घेऊन आला की बायकोने काळं मूल जन्माला घातलं. रोख उघड होता. पैगंबरांनी त्याला विचारलं, तुझे उंट कोणत्या रंगाचे? तो म्हणाला, तांबडे. त्यात एखादा करडा आहे का? आहे. तो कुठून आला? कुठल्या तरी पूर्वजाचं रक्त उतरलं असेल. मग मुलाचंही तसंच असेल, असं उत्तर त्याला मिळालं. रंग वाडवडिलांकडून येतो, वाटीतून नाही, हे उंट पाळणाऱ्या माणसाला त्याच्याच व्यवसायातून समजलं. मात्र ‘सगळं विज्ञान आमच्या किताबात आधीच होतं’ असा दावा मी करत नाही. असे दावे करणाऱ्यांनी धर्माचंही भलं केलं नाही आणि विज्ञानाचंही. मला एवढंच म्हणायचं आहे की बाईवर बोट रोखण्याआधी विचार करा, ही शिकवण आपल्याकडे होती.

आता मूळ प्रश्नावर येऊ. मुलगी कुणामुळे होते? आमच्या भागात याचं उत्तर ठरलेलं आहे : बाईमुळे. तीन मुली झाल्या की सासू सुनेला ऐकवते, नवरा दुसऱ्या लग्नाचं बोलू लागतो. मुसलमान घरांत त्याला शरियतचं नाव देता येतं, एवढाच फरक. नवव्या शतकातला बसऱ्याचा लेखक अल-जाहिझ याने एक किस्सा नोंदवून ठेवला आहे. अबू हमजा नावाच्या अरबाने बायकोला मुलगी झाली म्हणून तिच्या तंबूत जाणं सोडलं आणि शेजारच्या तंबूत राहू लागला. एके दिवशी तिथून जाताना त्याला ती मुलीला खेळवत गाताना ऐकू आली. तिच्या गाण्याचा आशय असा की बायका या जमिनीसारख्या, पेरणारा जे पेरतो तेच उगवतं. अबू हमजा वरमला आणि घरी परतला. बीडच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. ज्वारी पेरून तूर का आली नाही म्हणून कुणी रानाला शिव्या देत नाही.

त्या बाईला जे अनुभवाने उमजलं, त्याचा पुरावा १९०५ साली मिळाला. अमेरिकेतल्या ब्रिन मॉर कॉलेजात नेटी स्टीव्हन्स या संशोधक स्त्रीने पिठात होणाऱ्या किड्यांच्या पेशी तपासल्या. मादीची सगळी बीजं एकसारखी, नराच्या बीजांचे मात्र दोन प्रकार. कोणतं बीज पोहोचतं त्यावर नर की मादी हे ठरतं. त्याच वर्षी एडमंड विल्सन हेही स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले. माणसातही हेच चालतं : आईकडून नेहमी एक्स, बापाकडून एक्स किंवा वाय. म्हणजे लिंग ठरतं ते बापाच्या बीजावरून. पण त्यातही बापाचा दोष नाही, कारण मुलगी होणं हा दोषच नाही. ‘बाईमुळे नाही, पुरुषामुळे’ एवढ्यावर थांबणारं प्रबोधन मला म्हणूनच अपुरं वाटतं. ते आरोपी बदलतं, गुन्हा तसाच ठेवतं.

इस्लामपूर्व अरबस्तानात मुलीला जिवंत पुरण्याची चाल होती. कुरआनच्या सूरह नहलमध्ये मुलीच्या जन्माची बातमी ऐकून काळवंडणाऱ्या बापाचा धिक्कार आहे. सूरह तकवीरमध्ये पुरल्या गेलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारलं जाईल की तिला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं. सूरह शूरामध्ये अल्लाह संतती देतो असं सांगताना मुलींचा उल्लेख आधी आहे, मुलांचा नंतर. हे दाखले आपल्याकडे दर जलशात दिले जातात. पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. पैगंबरांचे मुलगे लहानपणीच वारले आणि मक्केतल्या विरोधकांनी त्यांना ‘अबतर’, म्हणजे निर्वंश, असं हिणवलं. सूरह कौसर हे त्याला उत्तर आहे. त्यांच्या चार मुली होत्या : जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम आणि फातिमा. वंश चालला तो फातिमांकडून. आज बीड, अंबाजोगाई, माजलगाव, जिथे जिथे सय्यद घराणी आहेत, ती सगळी आपला शजरा एका मुलीपासून मोजतात. आणि त्याच घराण्यांत ‘वारस हवा’ म्हणून सुनेला तावीज बांधले जातात.

विज्ञान आलं की असल्या समजुती आपोआप मरतात, असं आपल्याला शाळेत वाटायचं. बीडने उलट दाखवलं. पोटाच्या आकारावरून अंदाज बांधणारी नजर सोनोग्राफीच्या पडद्यावर गेली आणि अंदाजाची खात्री झाली. समजूत तीच राहिली, हत्यार नवं मिळालं. मुंबईतल्या स्त्री संघटनांच्या मोहिमेनंतर महाराष्ट्राने १९८८मध्ये गर्भलिंग निदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४मध्ये झाला आणि १९९६पासून लागू झाला. सेहत व मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, त्यानंतर २००३मध्ये कायदा अधिक कडक झाला. आणि नेमक्या याच काळात बीडचा आकडा ८९४वरून ८०७वर आला. मे २०१२मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपातादरम्यान एका महिलेचा मृत्यू झाला. तिला आधीच्या मुली होत्या. २०१९मध्ये न्यायालयाने डॉक्टर, त्यांची डॉक्टर पत्नी आणि मृत महिलेचा नवरा या तिघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. निकालात नवराही दोषी ठरला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. डॉक्टरकडे जाण्याचा रस्ता घरातून निघतो.

‘आपल्यात हे होत नाही’ असं मुसलमान मोठ्या समाधानाने म्हणतात. गर्भ पाडणं पाप आहे ही भावना आपल्यात घट्ट आहे, हे खरं. पण मुलाच्या आशेने पाच-सहा बाळंतपणं काढून रक्त आटलेल्या बायका आपल्या मोहल्ल्यात कमी नाहीत. मुलगी पोटात मारली नाही म्हणून तिच्या आईला हळूहळू मारायची परवानगी मिळत नाही.

जिल्ह्याच्या ऊसतोड बायकांची कथा याच इतिहासाचं पुढचं पान आहे. नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि एक दिवस काम चुकलं की खाडा. पाळी, गर्भारपण, अंगावरून जाणं यांना या हिशेबात जागाच नाही. अशा बायकांना ‘मुलं झाली, आता पिशवीचा काय उपयोग’, ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेलं, आणि पिशव्या काढल्या गेल्या. २०१९मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसाठी जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून अधिक बायकांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. गर्भाशय म्हणजे मुलं ठेवायची पिशवी, काम संपलं की टाकून द्यायची, हा गैरसमज आठव्या महिन्याच्या समजुतीइतका जुना नाही. तो अलीकडचा आहे, आणि त्यामागे ग्रह-तारे नसून पैशांचा हिशेब आहे. तिशीत पिशवी गेलेल्या बाईचं कंबरडं, हाडं, झोप या सगळ्याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही.

या समजुती पसरवणारे तेव्हाही अडाणी नव्हते आणि आजही नाहीत. तेव्हा बुकरात आणि इब्न सीना होते. त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं; आणि त्यांनी जे चांगलं दिलं त्याचं ऋण मोठं आहे. आज पदव्या लावलेले डॉक्टर आहेत, माइकवर बोलणारे वाज़ि आणि कीर्तनकार आहेत, मोबाइलवर नुस्खे विकणारे आहेत. म्हणून ‘बायकांनी शहाणं व्हावं’ हा उपदेश मला पटत नाही. बायका कधीच एकट्या चुकल्या नव्हत्या.

करण्यासारखं बरंच आहे आणि ते अवघड नाही. जुम्याच्या बयानात इमाम साहेबांनी ग्रहणाची हदीस सांगताना गर्भवतीचं नाव घ्यावं. नववींचा लिबाचा मसला मदरशात शिकवला जातो, तो मोहल्ल्यातल्या आशाताईंच्या बैठकीतही सांगितला जावा. आणि निकाह लावताना काजींनी नवऱ्या मुलाला दोन मिनिटं बाजूला घेऊन एवढं सांगावं, की उद्या मुलगी झाली तर तो कुणाचाच कसूर नाही, आणि सुनेला कुणी बोल लावला तर उत्तर देण्याची पहिली जबाबदारी तुझी आहे.